करंट दिल्यावर नानांची मूठ आणखीच मिटते: पक्षाघातानंतर हाताला विद्युत उत्तेजन द्यावे का?

दांडियाबाजारची_सून | 27 जानेवारी

नमस्कार. आम्ही बडोद्यात दांडिया बाजारात राहतो. माझ्या सासऱ्यांना (आम्ही सगळे त्यांना नाना म्हणतो, वय 67) गेल्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी पक्षाघाताचा झटका आला. पहाटे ते उठले तेव्हा उजवी बाजू लुळी पडलेली होती. झटका झोपेत नेमका कधी आला हे कोणालाच सांगता येत नसल्याने गुठळी विरघळवण्याचे इंजेक्शन देता येणार नाही, असे डॉक्टरांनी सांगितले. महिनाभरात बोलणे बरेचसे स्पष्ट झाले आणि दिवाळीनंतर ते काठी घेऊन चालू लागले. हात मात्र मागे राहिला आहे.

हाताची आजची स्थिती सविस्तर लिहिते, म्हणजे सल्ला देणाऱ्यांना सोपे जाईल. खांदा थोडा उचलतात, पण खांद्याच्या सांध्यात दोन बोटे मावतील एवढी फट पडली आहे. कोपर वाकवतात. बोटे मिटतात, पण मिटलेली मूठ उघडत नाही. जेवताना माई (माझ्या सासूबाई) त्यांच्या उजव्या हातात वाटी देतात, ती ते घट्ट धरतात, आणि मग डाव्या हाताने एकेक बोट सोडवल्याखेरीज ती खाली ठेवता येत नाही. उत्तरायणाला माझ्या मुलाने हौसेने फिरकी आजोबांच्या हातात दिली. ज्यांनी फिरकी धरली आहे त्यांना ठाऊक असेल की दांडा मुठीत सैल फिरावा लागतो. नानांच्या उजव्या मुठीत तो असा आवळला गेला की मुलाला ढील मिळेना, आणि पतंग पहिल्याच पेचात कापला गेला. नाना हसले, पण नंतर गच्चीवर थांबले नाहीत.

डिसेंबरपासून आम्ही एका क्लिनिकमध्ये जातो. तिथे व्यायामाच्या आधी 20 मिनिटे 'करंट' देतात. ओल्या स्पंजाच्या दोन पट्ट्या कोपराखाली हाताच्या आतल्या बाजूला बांधतात, यंत्र सुरू करतात, आणि सहायक पुढच्या रुग्णाकडे निघून जातो. नाना तेवढा वेळ मोबाइलवर बातम्या ऐकतात. करंट आला की मूठ आणखी मिटते, गेला की थोडी सैलावते. सात आठवडे झाले, उघडण्याच्या दिशेने काहीच फरक दिसत नाही. विचारले तर "स्नायूंत जीव येतो आहे, धीर धरा" एवढेच उत्तर मिळते.

माझे प्रश्न असे आहेत. विद्युत उत्तेजनाचा पक्षाघातानंतरच्या हाताला खरोखर उपयोग होतो का, की हा केवळ बैठकीचा वेळ भरून काढण्याचा प्रकार आहे? एका नातेवाइकाने 'टेन्स' नावाचे छोटे यंत्र ऑनलाइन मागवण्याचा आग्रह धरला आहे, ते घ्यावे का? नानांना पंधरा वर्षांपासून मधुमेह आहे, हृदयात एक स्टेंट आहे, आणि रुग्णालयात असताना पहिल्या आठवड्यात एकदा फिट आली होती. या गोष्टींमुळे काही धोका संभवतो का?

फिजिओ_कारेलीबाग | 27 जानेवारी

ताई, मी गेली अठरा वर्षे याच कामात आहे आणि त्यातील बहुतेक काळ बडोद्यातच गेला आहे. नानांना तपासल्याशिवाय उपचार ठरवता येणार नाही, हे आधीच सांगते. तरी तुमच्या वर्णनात एक वाक्य असे आहे की त्यावर लगेच बोलता येईल: "करंट आला की मूठ आणखी मिटते." मूठ मिटवण्याचे काम नानांना जमतेच आहे, किंबहुना नको इतके जमते आहे. अडचण उघडण्याची असेल तर पट्ट्या हाताच्या मागच्या बाजूला, म्हणजे तळहात पालथा ठेवल्यावर जो भाग वर येतो तिथे हव्यात. मनगट आणि बोटे उचलणारे स्नायू तिकडे असतात.

करंट नेमके काय करतो ते समजले तर पुढच्या गोष्टी आपोआप उलगडतील. नानांच्या मेंदूतील हालचालीचा आदेश देणाऱ्या भागाला इजा झाली आहे. पण पाठीच्या कण्यातून निघून हातापर्यंत येणारी नस आणि तिच्या टोकाचा स्नायू शाबूत आहेत. त्वचेवरून दिलेला करंट त्या नसेच्या तंतूंना चेतवतो आणि नस स्नायूला आकुंचन पावायला लावते. म्हणूनच इथे अगदी अल्पकाळाचे, साधारण 200 ते 300 मायक्रोसेकंदांचे स्पंद पुरतात. चेहऱ्याच्या लकव्यात किंवा अपघातात नसच निकामी झाली तर गोष्ट वेगळी असते. तिथे चेतवायला नस उरलेली नसते, स्नायूलाच हलवावे लागते, आणि त्यासाठी कितीतरी लांब स्पंद लागतात. जुन्या यंत्रांवर 'फॅराडिक' आणि 'गॅल्व्हॅनिक' अशी दोन बटणे असतात ती याचसाठी. नानांना पहिल्या प्रकारचा करंट हवा. 'टेन्स' त्वचेच्या संवेदना जागवून वेदना कमी करण्यासाठी असते. नेहमीच्या वापरात त्याने केवळ मुंग्या येतात, बोटे उघडत नाहीत. खांदा दुखत असेल तर त्याचा विचार करता येईल, हाताच्या हालचालीसाठी ते घेऊ नये.

पट्ट्यांची जागा हा या उपचारातला सर्वांत कष्टाचा भाग आहे, आणि घाईत तोच टाळला जातो. एक पट्टी कोपराच्या खाली दोन-तीन बोटांवर, मागच्या बाजूच्या फुगीर स्नायूवर ठेवायची, आणि दुसरी त्याच बाजूला मनगटाच्या चार-पाच बोटे वर. मग करंट हळूहळू वाढवत बोटांकडे पाहत राहायचे. हात करंगळीच्या बाजूला वळू लागला तर पट्टी अर्धा इंच अंगठ्याच्या बाजूला सरकवायची. नुसतेच मनगट वर उचलले जाऊन बोटे आणखी वळली, तर करंट मनगटाच्या स्नायूंनाच पोहोचतो आहे, बोटांच्या स्नायूंना नाही, असे समजावे आणि खालची पट्टी हलवावी. ताठर हातात हे फार दिसते, कारण मनगट वर गेले की बोटांचे आतले स्नायूबंध ताणले जाऊन मूठ मिटते. योग्य जागा सापडली की त्वचेवर पेनने खूण करून ठेवायची. पहिल्या बैठकीत माझा निम्मा वेळ याच शोधात जातो.

बाकीचे आकडे ठरावीक चौकटीतले असतात. वारंवारिता 30 ते 40 हर्ट्झ ठेवावी. त्याहून बरीच जास्त ठेवली तर आकुंचन गुळगुळीत होते पण स्नायू लवकर थकतो. करंट एकदम अंगावर येऊ नये, दोनेक सेकंदांत चढत जावा. दहा सेकंद चालू आणि किमान तेवढाच, सुरुवातीला दुप्पट वेळ बंद. बोटे पूर्ण उघडतील पण दुखणार नाही, एवढीच तीव्रता.

आता मोबाइलवरच्या बातम्यांविषयी. माझ्या मते तुमच्या सात आठवड्यांचे नुकसान चुकीच्या जागेइतकेच या बातम्यांनीही केले आहे. करंट येण्याच्या क्षणी नानांनी स्वतः, डोळ्यांनी हाताकडे पाहत, बोटे उघडण्याचा प्रयत्न करायला हवा. मेंदूचा आदेश, स्नायूची हालचाल आणि ती हालचाल झाल्याची परत मेंदूला मिळणारी जाणीव या तीन गोष्टी एकाच वेळी घडाव्यात, हा सगळा खटाटोप त्यासाठी असतो. काही यंत्रे स्नायूतील रुग्णाच्या स्वतःच्या क्षीण विद्युत हालचालीची चाहूल घेतात आणि प्रयत्न पुरेसा झाला तरच करंट सोडतात. अमेरिकेत क्लीव्हलँड येथील संशोधकांनी आणखी एक युक्ती केली: चांगल्या हातात संवेदक लावलेला मोजा घालायचा, आणि तो हात जितका उघडेल तितक्या प्रमाणात करंट अधू हाताला द्यायचा. त्यांनी 80 जुन्या रुग्णांवर केलेली तुलना 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. एका मिनिटात किती लाकडी ठोकळे एका कप्प्यातून दुसऱ्यात टाकता येतात या चाचणीत मोज्याच्या गटाची सुधारणा सरासरी 4.6 ठोकळ्यांची होती, तर आपोआप चालू-बंद होणाऱ्या करंटच्या गटाची 1.8 ठोकळ्यांची. यंत्र दोन्हीकडे होते. फरक पडला तो हालचालीची सूत्रे रुग्णाच्या हाती असण्याने. असा मोजा आपल्याकडे मिळाला नाही तरी नानांनी दोन्ही हात एकदम उघडण्याचा प्रयत्न करावा, त्यातले तत्त्व तेच आहे.

खांद्यातल्या फटीसाठीही उत्तेजनाचा उपयोग होतो. खांद्याच्या वरचा आणि मागचा स्नायू चेतवला की सांधा वर ओढला जातो. अमेरिकन हार्ट असोसिएशन आणि तिच्या स्ट्रोक विभागाच्या 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत, पहिल्या काही महिन्यांत ज्यांच्या हाताला स्वतःची हालचाल अत्यल्प आहे त्यांच्यासाठी आणि खांदा निखळत असलेल्यांसाठी, या उपचाराचा विचार करणे योग्य म्हटले आहे. नानांना दोन्ही गोष्टी लागू पडतात. मात्र घरात कोणीही त्यांना उठवताना उजव्या दंडाला किंवा पंजाला धरून ओढू नये. फट वाढण्याचे आणि खांदा दुखू लागण्याचे ते मोठे कारण असते.

धोक्यांविषयी: स्टेंट म्हणजे पेसमेकर नव्हे. पेसमेकर किंवा हृदयात बसवलेले झटका देणारे यंत्र असेल तर आम्ही करंटला हात लावत नाही. स्टेंटमुळे तशी आडकाठी नाही, तरी हृदयरोगतज्ज्ञांच्या कानावर घालावे. फिट आली होती ही गोष्ट मेंदूविकारतज्ज्ञांना सांगून त्यांची लेखी संमती घ्या, आणि औषध चालू असेल तर एकही मात्रा चुकवू नका. मधुमेह आणि पक्षाघात दोन्ही असल्याने हाताची संवेदना आधी तपासावी लागेल, कारण जिथे जाणवत नाही तिथे भाजले तरी कळत नाही. सुकलेल्या स्पंजामुळे किंवा अर्धवट चिकटलेल्या पट्टीमुळे करंट एका ठिकाणी एकवटतो. प्रत्येक बैठकीनंतर त्वचा पाहा. फिकट लाली अर्ध्या-पाऊण तासात जाते. तशी गेली नाही किंवा फोड आला तर थांबा. गळ्याच्या पुढच्या बाजूला, जखमेवर, किंवा हातात रक्ताची गुठळी असल्याचा संशय असताना पट्ट्या कधीही लावू नयेत.

मांजलपूरचा_आरेखक | 28 जानेवारी

वरच्या बाईंनी शास्त्र सांगितले आहे. मी ज्याच्या हाताला करंट लागला त्याच्या बाजूने लिहितो. सहा वर्षांपूर्वी मला पक्षाघात झाला, तोही उजव्या बाजूचा. उभे आयुष्य आरेखक म्हणून कारखान्यात नकाशे काढण्यात गेले, त्यामुळे हात गेला म्हणजे काय गेले, हे वेगळे सांगायला नको.

पट्टी योग्य जागी लागली त्या दिवशी माझी बोटे पाच आठवड्यांनंतर प्रथमच सरळ झाली. ते दृश्य विचित्र असते. आधी मुंग्या, मग हाताच्या आतून कोणीतरी दोरी ओढल्यासारखे, आणि मग आपलीच बोटे आपल्याला न विचारता उघडतात. मला वाटले, आता सुटलो. मुलाने घरासाठी यंत्र आणून दिले आणि मी सकाळ-संध्याकाळ चाळीस-चाळीस मिनिटे पट्ट्या लावून क्रिकेट पाहत बसू लागलो. चार महिने असे गेले. यंत्र चालू असताना पंजा दारासारखा सताड उघडायचा, बंद केले की पुन्हा कुलूप. शेवटी दुसऱ्या फिजिओने मला टीव्हीकडे पाठ करून बसवले आणि नियम घालून दिला: "आधी तुम्ही, मग यंत्र." तीन मोजायचे, स्वतः जोर लावायचा, आणि मगच माझी पत्नी बटण दाबायची. पहिले दोन आठवडे त्या 'आधी तुम्ही'त काहीच हलले नाही. एके दिवशी बटण दाबायच्या आत तर्जनी नखाएवढी उचलली गेली. पत्नीने ती पाहिली, मी जोर लावण्याच्या नादात डोळे मिटले होते!

त्यानंतर करंटच्या बरोबरीने काम ठेवले. दोन वाट्या आणि मूठभर चिंचोके घेऊन, करंट आला की बोटे उघडायची, गेला की चिंचोका चिमटीत धरायचा, पुन्हा आला की दुसऱ्या वाटीत सोडायचा. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पुनर्वसनाच्या तीनशेहून अधिक बैठकांचे निरीक्षण झाले होते, त्यात हाताच्या कामाच्या हालचाली एका बैठकीत सरासरी अवघ्या 32 होत असल्याचे आढळले, असे मला माझ्या फिजिओने सांगितले होते. मी ते आव्हान समजलो आणि दिवसाला 200 चिंचोके असा पण केला. कधी दीडशेवर दम संपायचा.

आजची स्थिती प्रामाणिकपणे सांगतो. उजव्या हाताने मी दार उघडतो, सदऱ्याची खालची तीन बटणे लावतो, भाजीची पिशवी धरतो आणि हवी तेव्हा सोडतो. लिहिता येत नाही. रेघ मी आता डाव्या हाताने काढतो. यात करंटचा वाटा किती आणि चिंचोक्यांचा किती, हे मला विभागून सांगता येणार नाही.

आकडे_आणि_अनुमान | 29 जानेवारी

मी वैद्यकीय व्यावसायिक नाही, संख्याशास्त्र शिकवतो. माझ्या आईच्या आजारपणात या विषयाचे बरेच वाचन झाले आणि बरेच पैसेही गेले, म्हणून थोडे थंड पाणी ओतण्याचे काम माझ्याकडे घेतो.

वर 4.6 आणि 1.8 हे आकडे आले आहेत. ते खरे आहेत, पण जास्त सुधारलेल्या गटातही वाढ मिनिटाला पाचेक ठोकळ्यांची होती हे लक्षात घ्यावे. ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांविषयी मार्गदर्शन करणाऱ्या राष्ट्रीय संस्थेने 2013 च्या मार्गदर्शनात हातासाठी विद्युत उत्तेजन सरसकट देऊ नये असेच म्हटले होते. ज्यांच्या स्नायूत आकुंचन दिसते पण ज्यांना कोणी हाताला दाब दिल्यास त्याविरुद्ध हात हलवता येत नाही, अशांसाठी प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली प्रयोग करून पाहावा, तो प्रत्यक्ष कामांच्या सरावाला जोडलेला असावा, आणि ठरवलेल्या उद्दिष्टाकडे प्रगती दिसली तरच पुढे चालू ठेवावा, अशी ती भूमिका होती. अमेरिकन सूचनेपेक्षा हा सूर बराच सावध आहे. दोन्हीकडचे तज्ज्ञ साधारण तेच अभ्यास वाचत होते. त्यांतले पुष्कळसे अभ्यास लहान होते, आणि प्रत्येकाचा करंट, वेळ व रुग्णांची स्थिती निराळी होती.

दुसरी गोष्ट श्रेयाची. पक्षाघातानंतर बहुतांश सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत होते आणि त्यानंतर वेग मंदावतो. त्या तीन महिन्यांत रुग्णाला करंट दिला काय, तेल चोळले काय, किंवा नुसते बागेत नेऊन बसवले काय, काहीतरी सुधारणा दिसतेच, आणि जो त्या वेळी उपचार करत असतो तो श्रेय घेऊन जातो. माझ्या आईच्या बाबतीत आम्ही असेच एका महागड्या यंत्राचे भक्त झालो होतो. नानांचा पाचवा महिना चालू आहे, म्हणजे आता जे दिसेल ते अधिक विश्वासाने मोजता येईल, एवढाच या उशिराचा फायदा.

आणि घरच्यांनी सगळे शिकून घेतले की काम भागते, असेही कोणी समजू नये. भारतातल्याच 14 रुग्णालयांत 1,250 रुग्णांवर 'अटेंड' नावाची चाचणी झाली होती. कुटुंबीयांना पुनर्वसनाचे प्रशिक्षण देऊन पाहिले, तर सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांत नेहमीच्या उपचारांच्या तुलनेत फरक आढळला नाही. 2017 मध्ये हे निष्कर्ष आले. सुनांनी आणि मुलांनी स्वतःला दोष देत बसू नये, म्हणून मुद्दाम सांगतो.

माझा सल्ला असा: यंत्र विकत घेऊ नका, भाड्याने मिळाले तर पाहा. सुरू करण्याच्या दिवशी एक साधी मोजणी करा, कागदावर तारीख घाला, सहा आठवड्यांनी तीच मोजणी करा. आकडा हलला नाही तर थांबा.

फिजिओ_कारेलीबाग | 29 जानेवारी

सहा आठवड्यांची मुदत आणि कागदावरची मोजणी, दोन्ही मला पूर्ण मान्य आहेत. किंबहुना जो फिजिओ मुदत सांगायला तयार नाही त्याच्याकडे करंट घेऊ नये, असे मी म्हणेन. 'अटेंड' चाचणीचा मुद्दा मात्र इथे पुरता लागू पडत नाही. ती करंटची चाचणी नव्हती, आणि त्यात हाताची बोटे मोजली नव्हती, माणूस जगला का आणि परावलंबी राहिला का हे पाहिले होते. फिजिओच्या ऐवजी सून, असा अर्थ माझ्याही मनात नाही. फिजिओने जागा शोधून खूण करावी आणि मधल्या दिवसांत घरच्यांनी त्या खुणेवर काम करून घ्यावे, एवढेच म्हणते.

मी करंटच्या बाजूने का आहे, याचे खरे कारण अजून सांगायचे राहिले. हाताच्या पुनर्वसनात ज्या पद्धतीमागे भक्कम पुरावा आहे ती म्हणजे चांगला हात बांधून ठेवून अधू हाताकडून तासन्‌तास काम करून घेणे. 2006 मध्ये प्रसिद्ध झालेल्या 222 रुग्णांच्या चाचणीत तिचा लाभ दिसला. पण त्या चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी साधारणपणे मनगट 20 अंश आणि बोटे 10 अंश स्वतःहून उचलता येणे आवश्यक होते. नानांसारख्या माणसाला, ज्याची मूठच उघडत नाही, त्या दारातच उभे केले जात नाही. करंटकडे मी त्या 20 आणि 10 अंशांपर्यंत नेणारी काठी म्हणून पाहते. एकदा तिथवर पोहोचलो की यंत्र बाजूला ठेवून चिंचोके, वाट्या, बटणे यांवर सगळा वेळ घालवावा. मिनिटाला पाच ठोकळे थोडेच आहेत, पण शून्यावर असलेल्या माणसाला ते थोडे वाटत नाहीत.

ताई, एक युक्ती आजच सांगून ठेवते. वाटी सोडवताना बोटे ओढू नका. ओढली की ती आणखी आवळतात. कोपर टेबलावर टेकवून मनगट हळूच खाली, तळहाताच्या दिशेने सैल सोडायला सांगा. मनगट खाली गेले की बोटे आपोआप थोडी उघडतात आणि वाटी सुटते.

दांडियाबाजारची_सून | 24 मार्च

सर्वांचे आभार, आणि उत्तर द्यायला दोन महिने लावल्याबद्दल क्षमस्व. मुदत संपेपर्यंत लिहायचे नाही असे ठरवले होते.

मेंदूविकारतज्ज्ञांनी संमती दिली. आधीचे क्लिनिक सोडले. नव्या ठिकाणी पहिल्याच दिवशी फिजिओने पाऊण तास पट्ट्यांची जागा शोधण्यात घालवला, आणि हात करंगळीकडे वळणे, नुसतेच मनगट उचलले जाणे हे सगळे प्रकार इथे वाचले तसेच घडले. तिसऱ्या जागेवर बोटे उघडली. तिथे निळ्या पेनने केलेली खूण आम्ही रोज अंघोळीनंतर पुन्हा गिरवतो. आठवड्यातून तीन दिवस तिकडे आणि तीन दिवस घरी, भाड्याच्या यंत्रावर, असे प्रत्येकी अर्धा तास चालते. बटण माझा मुलगा दाबतो. "आधी तुम्ही" हा मंत्र त्याने एवढा मनावर घेतला आहे की नानांनी डोळे मिटले तर तो करंटच देत नाही.

मोजणीसाठी ठोकळे नव्हते, म्हणून देव्हाऱ्यातल्या अख्ख्या सुपाऱ्या घेतल्या. एका मिनिटात एका ताटलीतून दुसऱ्या ताटलीत किती जातात ते पाहायचे. 2 फेब्रुवारीला शून्य. सहा आठवड्यांनी, 16 मार्चला चार. यंत्र न लावता तर्जनी आणि मधले बोट इतके उघडते की मध्ये कंगोऱ्याची पेन्सिल शिरते. खांद्याची फट दोन बोटांवरून एकावर आली आहे, असे फिजिओ म्हणतात. मनगट खाली सोडण्याची युक्ती तर पहिल्याच रात्री लागू पडली आणि माईंना वाटी ओढावी लागली नाही. एकदा घरी पट्टीची एक कड सुटलेली आमच्या लक्षात आली नाही, आणि तिथे चवलीएवढा लाल चट्टा दोन दिवस राहिला. तेव्हापासून नवीन पट्टी लावताना चारही कडा बोटाने दाबून पाहतो.

अडले आहे ते अंगठ्यापाशी. तो तळहाताला चिकटून असतो, करंट दिला तरी फारसा बाहेर येत नाही, आणि त्यामुळे सुपारी उचलताना ती अंगठ्याखालीच अडकते. यावर काही करता येईल का?

फिजिओ_कारेलीबाग | 24 मार्च

शून्यावरून चार म्हणजे प्रयोग चालू ठेवण्याजोगा आहे. अंगठ्यासाठी यंत्राचा दुसरा चॅनल वापरावा लागेल. त्याच्या छोट्या पट्ट्या अंगठ्याच्या बुंध्याशी असलेल्या मांसल उंचवट्यावर लागतात, आणि तो चॅनल बोटांच्या चॅनलबरोबरच चालू व्हायला हवा. तिथे एखाद्या मिलिमीटरनेही फरक पडतो, म्हणून हे घरी करून पाहू नका. तरीही अंगठा बाहेर आला नाही, तर तो दुर्बलतेमुळे येत नाही की आतल्या स्नायूच्या ताठरपणामुळे, हे डॉक्टरांनी ठरवावे. ताठरपणा असेल तर ते बोटॉक्सचे इंजेक्शन सुचवू शकतात. त्याचा परिणाम साधारण तीन महिने टिकतो, आणि त्या तीन महिन्यांत रोजचा सराव झाला नाही तर इंजेक्शनचा खर्च वाया जातो. दरम्यान सुपारीऐवजी थोडी उभट वस्तू द्या. औषधाची रिकामी बाटली किंवा मुलाच्या पतंगाच्या दोऱ्याची रिकामी रीळ चालेल. अंगठा कमी बाहेर आला तरी ती धरता येते.

दांडियाबाजारची_सून | 25 मार्च

धन्यवाद. गुरुवारच्या बैठकीत दुसऱ्या चॅनलविषयी विचारते. घरात रिळांची वाण नाही, उत्तरायणाच्या अकरा अजून माळ्यावर पडून आहेत. सुपाऱ्या मोजण्याचे काम आता माईंनी स्वतःकडे घेतले आहे, आणि त्या माझ्यापेक्षा कडक आहेत: ताटलीच्या काठाला लागून बाहेर घरंगळलेली सुपारी त्या मोजत नाहीत.